म्युकरमायकोसिस, २०२१: बुरशीला शरीरात वाफसा मिळतो तेव्हा

एप्रिल-मे २०२१. कोविडची दुसरी लाट टिपेला होती. ६ मे रोजी एका दिवसात देशभरात ४ लाख १४ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदवले गेले. सगळ्यांचं लक्ष खाटा आणि ऑक्सिजनकडे असताना महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या रुग्णालयांत कान-नाक-घसा, नेत्र आणि दंत विभागांपुढे वेगळीच रांग वाढू लागली. त्या रांगेतले बहुतेक जण कोविडमधून उठलेले होते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी घरी सोडलेला माणूस एका गालाच्या बधिरपणाची तक्रार घेऊन परत येत होता.

एका कोणाचा केसपेपर इथे मांडत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा दिसलेला क्रम सांगतो. वय पन्नाशीच्या आसपास. मधुमेह आधीपासूनचा, किंवा असून कधी तपासलाच नव्हता. कोविडमध्ये स्टिरॉइड मिळालेलं, काहींना ऑक्सिजनची गरज पडण्याआधीच सुरू केलेलं आणि ताप उतरल्यावरही चालू राहिलेलं. मग डोक्याच्या एकाच बाजूला ठणका, गाल सुन्न, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, वरच्या जबड्यातले दात हलणं. त्यापुढे पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, डोळ्याची बुबुळं हलेनाशी होणं. नाकात दुर्बीण घातली की आतलं अस्तर काळं पडलेलं, हात लावला तरी न दुखणारं, कापलं तरी रक्त न येणारं. त्या भागाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की रुंद, फितीसारखे, जवळजवळ आडपडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू दिसत. निदान तिथेच होत असे: म्युकरमायकोसिस, थोडक्यात म्युकर, लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’. पुढे उरत असे मेलेला भाग कापून काढणं, कधी जबडा, कधी डोळा, आणि सोबत ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध.

२८ जून २०२१ पर्यंत केंद्र सरकारच्या नोंदीत ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू होते. त्यातल्या ३१,३४४ जणांचा आजार नाक-सायनसमधून वर सरकणाऱ्या प्रकारचा होता. २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जण स्टिरॉइडवर होते किंवा नुकतेच घेऊन झाले होते. जुलैअखेरपर्यंत आकडा ४५ हजारांच्या पुढे गेला. राज्यांमध्ये सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्राचे होते, नऊ हजारांहून जास्त.

हे प्रकरण पुन्हा उघडण्याचं कारण असं, की त्या काळात विचारला गेलेला प्रश्न चुकीच्या दिशेचा होता आणि आजही बऱ्याच घरांत तो तसाच आहे. सगळे विचारत होते, ही बुरशी आली कुठून? विचारायला हवं होतं ते हे, की रोज नाकात जाणारी बुरशी याच वेळी, याच माणसांच्या नाकात रुजली कशी?

संशयितांची यादी

आधी त्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू. मे महिन्यात घरोघरी फोनवर एक संदेश फिरला: कांद्यावरचा काळा थर आणि फ्रिजच्या रबरावरची काळी बुरशी म्हणजेच हा आजार. कांद्यावरची ती काजळी ॲस्परजिलस नायगर या दुसऱ्याच बुरशीची असते. लोकांनी घाबरून फ्रिज धुऊन काढले. त्यात वाईट काही झालं नाही, पण त्याच घरातल्या मधुमेही आजोबांची साखर त्या आठवड्यात कोणी मोजली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरा संशय ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यावर होता, तिसरा कारखान्यांकडून वळवलेल्या सिलिंडरवर, चौथा न धुतलेल्या मास्कवर. देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांत हवा, एसीच्या जाळ्या, ऑक्सिजनची उपकरणं आणि वापरलेले मास्क तपासले गेले. या जातीची बुरशी सापडली ती मुख्यतः हवेत, आणि तीही रुग्णालयाच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या हवेत जास्त. मास्कवर क्वचित सापडली. म्हणजे बीजाणू होतेच. पण ते २०१९ मध्येही होते, आणि शेजारच्या खाटेवरच्या ज्या माणसाला काही झालं नाही त्याच्याही नाकात गेले होते.

भारतात सर्वाधिक आढळणारी ही जात म्हणजे रायझोपस अऱ्हायझस. माती, कुजका पाला, शेणखत, सडलेली फळं, भाज्यांचे ढीग ही तिची घरं. पावावर कापसासारखी वाढणारी रायझोपस स्टोलोनिफर तिची सख्खी बहीण. पण ती बहीण ३७ अंशांवर धड वाढू शकत नाही, म्हणून माणसाला सहसा काही करत नाही. अऱ्हायझसला मात्र शरीराचं तापमान मानवतं. एवढ्या एका फरकावर एक बहीण स्वयंपाकघरात राहते आणि दुसरी शल्यगृहापर्यंत पोचते. तरीही निरोगी माणसात अऱ्हायझस काही करू शकत नाही. तापमान ही फक्त पहिली अट आहे.

रोगजंतूपाशी यजमानाला इजा करण्याची जी साधनं असतात त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रात रोगकारक घटक म्हणतात: पेशीला चिकटणारी प्रथिनं, अन्न ओढून घेणारी यंत्रणा, प्रतिकारशक्तीला चुकवणारं आवरण, विष. ही साधनं जनुकांत कायम असतात. ती बाहेर कधी काढायची आणि किती चालवायची, हे भोवतालची साखर, आम्लता, लोह आणि प्राणवायू यांवर ठरतं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागणार नाही. बी कोरड्या रानात पडून राहतं आणि वाफसा आला की उगवतं. २०२१ मध्ये बी बदललं होतं असा ठोस पुरावा नाही. रान बदललं होतं.

लोहाची गोष्ट

या साऱ्या यंत्रणेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लोह. प्रत्येक सजीवाला ते लागतं, म्हणूनच माणसाचं शरीर ते मोकळं सोडत नाही. रक्तात ट्रान्सफरिन नावाचं प्रथिन लोहाला घट्ट धरून फिरतं. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; तो उतरला की आम्लता वाढते) नेहमीच्या ७.४ च्या आसपास असतो तोवर ही पकड पक्की असते, आणि अशा रक्तद्रवात रायझोपस उपाशी राहते.

मधुमेह फार बिघडला की शरीर चरबी जाळतं, कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा, सुरेख प्रयोग आहे. कीटोॲसिडोसिसच्या रुग्णांचा रक्तद्रव घेऊन त्यात रायझोपस वाढवून पाहिली. पीएच आम्लाकडे झुकलेला असताना बुरशी जोमाने वाढली. तोच रक्तद्रव अल्कधर्मी केल्यावर वाढेना. आम्लतेने ट्रान्सफरिनची पकड सैल होते आणि लोह सुटं होतं, हे त्यातून पुढे आलं. रुग्ण तोच, रक्त तेच, बुरशी तीच. पीएच मात्र बदललेला.

सुट्या लोहावर झडप घालायला बुरशीजवळ दोन-तीन वाटा आहेत. एक, पेशीच्या पडद्यावरचं एफटीआर-१ नावाचं प्रवेशद्वार; लोह दुर्मीळ असताना त्याचं जनुक जोरात चालू होतं, आणि ते दाबलं तर प्रयोगातल्या उंदरांत बुरशीची मारक शक्ती कमी होते. दुसरी वाट रायझोफेरिन, म्हणजे बुरशीने बाहेर सोडलेला लोह पकडणारा रेणू. तिसरी वाट माणसाने नकळत उघडून दिली होती. १९८० च्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांना साचलेलं ॲल्युमिनियम काढण्यासाठी डिफेरॉक्सामिन हे औषध देत. ते लोहही पकडतं, मग बुरशीला उपाशीच ठेवायला हवं होतं. घडलं उलट: हे औषध घेणाऱ्यांमध्ये म्युकरमायकोसिस वाढला. लोह धरलेलं डिफेरॉक्सामिन रायझोपसला आपल्या पृष्ठभागावर पकडता येतं आणि त्यातलं लोह ती काढून घेते. औषध तिच्यासाठी लोहाचं वाहन ठरलं.

याच लोहाचा दुसरा पैलू २०१८ मध्ये समोर आला. फुप्फुसातल्या भक्षक पेशी रायझोपसचे बीजाणू गिळतात, पण लगेच मारू शकत नाहीत. बीजाणूच्या आवरणातलं मेलॅनिन भक्षक पेशीच्या पचनाच्या क्रियेला मध्येच अडवतं, त्यामुळे बीजाणू पेशीत जिवंत राहतो. तरी तो उगवत नाही, कारण भक्षक पेशी आपल्या पोटात लोह पोचू देत नाही. जिवंत बीजाणू आणि पहारेकरी असे तटून बसलेले असतात. लोह वाढलं किंवा पहारेकरी दुबळा झाला, की हा तिढा बुरशीच्या बाजूने सुटतो. १९८० च्या दशकातच उंदरांवर दाखवलं गेलं होतं, की निरोगी उंदराच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी बीजाणूला अंकुर फुटू देत नाहीत, पण मधुमेही किंवा कॉर्टिझोन दिलेल्या उंदराच्या पेशींना ते जमत नाही. कोविडच्या औषधोपचाराच्या संदर्भात हे वाक्य मी पुन्हा वाचतो तेव्हा २०२१ चं अर्धं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं असं वाटतं.

नाकच का?

आकडेवारीत एक गोष्ट ठळक आहे: दर चार रुग्णांत तिघांहून जास्त जणांना आजार नाक-सायनस-डोळा-मेंदू या वाटेनेच झाला. कोविड तर फुप्फुसाचा आजार. बीजाणू श्वासावाटे फुप्फुसातही जातात. मग नाकातच का?

कॅलिफोर्नियात अश्रफ इब्राहिम यांच्या गटाने गेली दोन दशकं या बुरशीवर काम केलं आहे, आणि या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर त्यांच्याकडून आलं. आपल्या पेशींत जीआरपी-७८ नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या आत इतर प्रथिनांची घडी नीट घालायला मदत करणं हे त्याचं काम. पेशीवर ताण आला की ते वाढतं आणि काही प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावर येतं. रक्तवाहिनीच्या अस्तरावर आलेलं हे प्रथिन रायझोपस पकडते, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. २०१४ मध्ये पकडणारा हातही सापडला: बुरशीच्या पृष्ठभागावरचं कॉटएच-३. या घराण्यातली प्रथिनं म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरश्यांमध्ये असतात. कँडिडा किंवा ॲस्परजिलसमध्ये नसतात. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं दिलेले कीटोॲसिडोसिसचे उंदीर संसर्गातून बचावले.

साखर, लोह आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन, कीटोॲसिडोसिसमध्ये असतात त्या प्रमाणात दिले, तर पेशीवरचं जीआरपी-७८ वाढतं आणि त्याच वेळी बुरशीवरचं कॉटएच-३ ही वाढतं. बिघडलेलं रक्त एकीकडे माणसाच्या पेशीवर पकडण्याची जागा वाढवतं आणि दुसरीकडे बुरशीला पकडण्याची साधनं जास्त बनवायला लावतं. हाच कीटोन ट्रान्सफरिनची लोहावरची पकडही ढिली करतो. आम्लता कुठलीही असो, परिणाम सारखाच, असं मात्र नाही: लॅक्टिक आम्लाने या दोन प्रथिनांवर तोच परिणाम दिसला नाही. भोवतालातला नेमका कोणता रेणू वाढला, याला अर्थ असतो.

२०२० मध्ये याच गटाने नाकाच्या आणि फुप्फुसाच्या पेशी शेजारी ठेवून पाहिल्या. नाकाच्या पेशींत बुरशी जीआरपी-७८ आणि कॉटएच-३ या जोडीने शिरते. फुप्फुसाच्या वायुकोशातल्या पेशींत जोडी वेगळी: पेशीवरचं इंटिग्रिन हे प्रथिन आणि बुरशीवरचं कॉटएच-७. साखर, लोह आणि कीटोन वाढले की नाकातली जोडी बळावते. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी संपलेल्या रुग्णाला फुप्फुसाचा म्युकर होतो आणि मधुमेह्याला नाकाचा, हे डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. त्यामागची एक यंत्रणा इथे हाती लागली. भारतातली साथ नाकाची झाली, कारण ती मुळात साखरेची साथ होती.

एकदा रक्तवाहिनीच्या अस्तरात तंतू शिरले, की अस्तर फाटतं, रक्त गोठतं, वाहिनी बंद होते आणि तिच्यावर जगणारा भाग मरून काळा पडतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. म्हणून चाकूशिवाय इलाज नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, साथ उसळण्याच्या थोडं आधी, याच बुरशीच्या एका विषाचा शोध प्रसिद्ध झाला: म्युकोरिसिन. एरंडाच्या बियांत असणाऱ्या रायसिनशी त्याचं साम्य आहे. ते पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवतं आणि रक्तवाहिन्या झिरपायला लावतं. हे विष बनवण्याची क्षमता दाबलेली बुरशी उंदरांत कमी मारक ठरली.

प्राणवायूचाही परिणाम आहे, पण तिथे चित्र कमी स्पष्ट आहे. म्युकर कुळातल्या काही बुरश्या प्राणवायू नसताना यीस्टसारख्या गोल पेशींत वाढतात आणि मिळाला की तंतू काढतात. कॅल्सिन्युरिन हा विकर बंद पाडून यीस्टच्याच रूपात अडकवलेल्या म्युकर सर्सिनेलॉइडिसची मारक शक्ती घटते. ही प्रयोगशाळेतली गोष्ट झाली. रुग्णांत उलट्या बाजूने संबंध दिसला: रक्तातला प्राणवायू कमी झालेल्यांना धोका जास्त. ताण आलेल्या पेशीत जीआरपी-७८ वाढतं, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण आहे आणि कोविड न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं आढळलंही आहे. यापेक्षा जास्त ठाम बोलणं मला योग्य वाटत नाही.

मग कोविडने नेमकं काय केलं?

सगळा दोष कीटोॲसिडोसिसवर टाकता येत नाही. २०२१ च्या बहुसंख्य रुग्णांना पूर्ण कीटोॲसिडोसिस नव्हता. त्यांची साखर आठवडा-दोन आठवडे तीनशे-चारशेच्या घरात होती. पण साखर नुसती वाढली तरी ट्रान्सफरिनला साखरेचे रेणू चिकटून त्याची लोहावरची पकड कमी होते, आणि जीआरपी-७८ वाढायला साखरही पुरते. शिवाय अशा रक्तात पांढऱ्या पेशी मंद होतात.

त्यात विषाणूची भर पडली. कोविडमध्ये दाह वाढला की इन्शुलिनचा परिणाम घटतो, साखर चढते. आधी मधुमेह नसलेल्यांचीही चढली. आणि स्टिरॉइड.

स्टिरॉइडबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवतं. त्या औषधाने भारतातही असंख्य माणसं वाचवली आहेत. त्याच चाचणीत हेही होतं, की ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णाला त्याचा फायदा होत नाही. दुसऱ्या लाटेत हा दुसरा भाग गळून पडला. खाट मिळत नव्हती, डॉक्टर फोनवरच सापडत होते, औषधांची चिठ्ठी एका व्हॉट्सॲप गटातून दुसऱ्यात जात होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गोळ्या सुरू होत, मात्रा वाढे, आणि थांबवायचं कोणी सांगत नसे. या काळात घरात ग्लुकोमीटर नसेल तर साखर कुठे पोचली हे कळायला मार्ग नव्हता.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या पहिल्या लाटेच्या काळात भारतातल्या १६ रुग्णालयांनी केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यात म्युकरमायकोसिसचे २८७ रुग्ण होते, त्यातले १८७ कोविडनंतरचे. आदल्या वर्षीच्या याच चार महिन्यांपेक्षा रुग्ण दुपटीहून थोडे जास्त. कोविडनंतरच्या म्युकरशी स्वतंत्रपणे जोडल्या गेलेल्या दोन गोष्टी होत्या: रक्तातला प्राणवायू कमी होणं आणि स्टिरॉइडचा अयोग्य वापर. बारा आठवड्यांत जवळजवळ ४६ टक्के रुग्ण दगावले. हे सारं मोठी साथ येण्याच्या काही महिने आधीचं आहे. इशारा होता, तो पोचला नाही.

पुढे दुसऱ्या लाटेतल्या १,७३३ रुग्णांची ३,९११ कोविडग्रस्त पण म्युकर न झालेल्यांशी तुलना झाली. मधुमेह आणि स्टिरॉइड तिथेही ठळक दिसले, ग्रामीण भागात राहणं हाही घटक निघाला, आणि जस्ताच्या गोळ्याही. जस्ताबद्दल मी सावध आहे. बुरशीला जस्त लागतं हे खरं, पण जास्त आजारी माणूस जास्त गोळ्या घेतो हेही खरं; संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. ग्रामीण भागाचा मुद्दा मात्र मला जास्त बोलका वाटतो. मातीशी संपर्क हे एक कारण असेल, पण तालुक्याच्या गावात एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) कधीच न तपासलेली पन्नाशीतली माणसं किती आहेत, हे तिथे काम करणारा कोणीही डॉक्टर सांगेल.

ब्रिटनमध्येही कोविडच्या रुग्णांना तेच डेक्सामेथासोन मोठ्या प्रमाणावर दिलं गेलं. तिथे म्युकर तुरळक राहिला. कोविडच्या आधीच भारतात म्युकरमायकोसिसचं प्रमाण दहा लाखांमागे सुमारे १४० असावं असा गणिती अंदाज चंडीगडच्या पीजीआयमधले अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. विकसित देशांपेक्षा ते कितीतरी पट जास्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून जास्त आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३ कोटींहून जास्त आहेत. उष्ण, दमट, धुळीची हवा बीजाणूंना पोसते आणि ही माणसं त्यांना रुजायला जागा देतात. ब्रिटनमध्ये स्टिरॉइड पोचलं, पण त्याला या दोघांची जोड नव्हती.

भोवताल बदलून आजार बरा होतो का?

आतापर्यंतचा धागा पकडला तर उपाय सोपा वाटेल: लोह काढा, आम्लता उतरवा, साखर खाली आणा. यातला पहिला उपाय खरोखर करून पाहिला गेला आणि त्याचा निकाल या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

डिफेरॅसिरॉक्स हे लोह पकडणारं औषध रायझोपसला वापरता येत नाही. उंदरांत त्याने चांगला परिणाम दाखवला. मग माणसांत छोटी चाचणी झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. २० रुग्ण, सगळ्यांना लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, निम्म्यांच्या आसपास रुग्णांना सोबत डिफेरॅसिरॉक्स. ९० दिवसांनी डिफेरॅसिरॉक्सच्या गटात ८२ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २२ टक्के. दोन्ही गट सारखे नव्हते; औषधाच्या गटात कर्करोगाचे आणि पांढऱ्या पेशी घटलेले रुग्ण जास्त आले होते. तरी एवढा फरक पाहून हे औषध नेहमीच्या उपचारात घ्या असं कोणी म्हणू शकलं नाही. मधुमेही उंदराच्या रक्तात खरी ठरलेली यंत्रणा कर्करोगाने खंगलेल्या माणसात तशीच चालेल असं नसतं. शिवाय लोह माणसाच्या पेशींनाही लागतं.

आम्लतेचं उत्तर जास्त आशादायक आहे. २०१६ च्या एका अभ्यासात सोडियम बायकार्बोनेटने कीटोॲसिडोसिसची आम्लता उतरवल्यावर बुरशीची पेशीत शिरण्याची ताकद कमी झाली आणि उंदरांना आजारापासून काही अंशी संरक्षण मिळालं. म्युकरच्या रुग्णाची आम्लता आणि साखर तातडीने आटोक्यात आणणं हा उपचाराचा पाया मानला जातोच. त्याला इथे रेणूंच्या पातळीवरचा आधार मिळाला.

साखर आणि स्टिरॉइड या दोन गोष्टी तर कोणत्याही वॉर्डात हातात असतात. मे २०२१ मध्ये राज्यातल्या आणि देशातल्या वैद्यकीय सूचनांचा भर नेमका याच दोन गोष्टींवर आला. पण तोवर धाव औषधाच्या कुपीमागे लागली होती. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज, तेही कित्येक आठवडे. एका कुपीसाठी हजारो रुपये मोजायची तयारी असून कुपी मिळत नव्हती. नातेवाईक एका जिल्ह्यातून दुसऱ्यात फिरत होते. राज्य सरकारने हा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली आणला, वर्ध्यात एका कंपनीने ॲम्फोटेरिसिनचं उत्पादन सुरू केलं, केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य करायला सांगितलं. हे सगळं हवंच होतं. तरी ज्या माणसाच्या गालाचं हाड काढावं लागलं, त्याची साखर तीन आठवडे आधी दिवसातून दोनदा मोजली असती तर त्याला त्या कुप्या लागल्याच नसत्या, अशी शक्यता बरीच मोठी होती. ग्लुकोमीटरच्या एका पट्टीची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा माती, हवा आणि बीजाणू सगळं जिथल्या तिथे होतं. कोविडचे रुग्णही प्रचंड होते. म्युकर मात्र तुरळकच राहिला. त्या लाटेत प्राणवायू घसरलेले रुग्ण थोडे होते, लसीकरण झालेलं होतं, आणि डॉक्टर स्टिरॉइडची चिठ्ठी लिहिताना हात आखडत होते. या तिन्हींचा वाटा वेगवेगळा मोजणं कठीण आहे, पण ज्याने शरीराच्या आतला भोवताल बिघडतो ते सगळंच एकदम कमी झालं होतं.

कोविडशी संबंध नसलेले मधुमेही म्युकरचे रुग्ण आजही येतात, कोविडच्या आधी यायचे तसेच. गाल सुन्न पडलाय, नाकाच्या एकाच बाजूने काळपट येतंय अशी तक्रार घेऊन मधुमेही माणूस आला, तर सायनसचं दुखणं म्हणून अँटिबायोटिक देऊन आठवड्याने बोलावू नये. त्याच दिवशी साखर, कीटोन आणि नाकाची दुर्बीण तपासणी व्हावी. तुकडा मिळाला तर सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर तासाभरात मिळतं.